थेंबातली सही

१

चित्राला भोक पडलं होतं.

सकाळी मी प्रसूतिगृहाच्या नव्या कॉरिडॉरमध्ये पोचलो, तेव्हा डॉक्टरबाई कमरेवर हात ठेवून माझीच वाट बघत होत्या. त्यांच्या मागे भिंतीवर सफरचंदाचं फूल होतं, दाराएवढं मोठं. पाकळीवरच्या गुलाबी शिरा मोजून घ्याव्यात इतकं जवळून टिपलेलं. आणि त्याच्या मधोमध, जिथे काल संध्याकाळी पाण्याचा टपोरा थेंब होता, तिथे तळहाताएवढं गोल भोक. भोकातून मागचा तपकिरी पुठ्ठा दिसत होता.

गंमत म्हणजे वरची काच शाबूत होती. साधा ओरखडाही नाही.

"फ्रेम तुम्ही केली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग पहिला संशय कुणावर घ्यायचा, तुम्हीच सांगा."

मी चौकटी बनवतो. आत देव असो की दानव, मला चार कोपरे काटकोनात आले म्हणजे झालं. तरी अब्रूचा प्रश्न होता, म्हणून समजावून सांगितलं. ऋतू बदलला की चित्रं बदलता यावीत, असा हट्ट डॉक्टरबाईंचाच होता. त्यासाठी मी मागे फिरत्या पट्ट्या लावल्या होत्या. पट्ट्या फिरवा, पाठ काढा, चित्र बाहेर. काल लावताना हे सगळ्यांसमोर करूनही दाखवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"संध्याकाळी उद्घाटन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि नेमका थेंबच गेलाय."

थेंबाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ही चित्रं ज्यांची, त्यांना अख्खं गाव 'सर' म्हणतं. सर आयुष्यभर वसंतातली फुलं अगदी नाकाला नाक लावून टिपत आले. चित्राच्या कोपऱ्यात त्यांनी कधी नाव घातलं नाही. फोटो काढायच्या आधी ते फुलावर ड्रॉपरनं एक थेंब ठेवायचे. थेंब म्हणजे फुगीर आरसाच. त्यात समोर कॅमेरा धरून बसलेले सर उमटायचे, डोक्यावर गवताची रुंद टोपी, नखाएवढे. तीच त्यांची सही. डॉक्टरबाईंनी काल सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की उद्घाटनाला मोठ्या पडद्यावर एकेक चित्र दाखवायचं आणि पाहुण्यांनी थेंबातले सर शोधायचे. ज्याला टोपी आधी दिसेल त्याला टाळ्या.

भिंतीवर सात चित्रं होती. सहा जुनी. भोक पडलेलं सातवं तेवढं गेल्या वसंतातलं, आणि महत्त्व होतं ते त्यालाच. कारण सर संपले, त्यांच्यानं आता काही होत नाही, अशी कुजबुज दोन वर्षं चालू होती. या एका फुलानं सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

तेवढ्यात सर आले. मागून त्यांची सून, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात ही दोघंच.

सर चित्रासमोर उभे राहिले. नजर सरळ ठेवून सावकाश बघितलं.

"छान लागलंय," ते म्हणाले. "उजेडही बरोबर पडतोय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुनेनं त्यांच्या दंडाला हात लावला. "बाबा, मधला थेंब कापून नेलाय कुणीतरी."

"हो ना," सर म्हणाले. "तेच बघतोय."

धक्का बसला की माणूस काहीही बोलतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं. आणि आत्याला फोन केला.

२

माझी आत्या पोलीस खात्यातून निवृत्त झाली, पण खातं तिच्यातून निवृत्त झालं नाही. ती माझ्या दुकानात बसते, गिऱ्हाइकांना उलटसुलट प्रश्न विचारते आणि ती पळून गेली की म्हणते, बघ, काहीतरी लपवत होता.

आल्या आल्या तिनं मला चित्र चौकटीतून काढायला लावलं. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हात नुसता फिरवून इतका गोल येत नाही. काहीतरी गोल ठेवून त्याच्या कडेनं पातं फिरवलंय." मग भोकाखाली कागद धरून तिनं आतल्या कडेनं पेन्सिल फिरवली आणि तो गोल कापून पर्समध्ये ठेवला.

मग माझं भिंग घेऊन ती उरलेल्या सहा चित्रांसमोर उभी राहिली. प्रत्येक थेंबात टोपीवाले सर होते. टोपीखाली कॅमेरा, दोन्ही कोपरं अंगाला घट्ट चिकटलेली.

"यानं कुणाचं काय गेलं?" तिनं डॉक्टरबाईंना विचारलं. हा तिचा ठरलेला प्रश्न.

"सरांचं नाव गेलं! लोक म्हणणार, यात सर नव्हतेच म्हणून थेंब काढून टाकला. फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. मला तर सरळ दिसतंय हे काम कुणाचं."

"कुणाचं?"

"त्यांच्या शिष्याचं. तोही काल इथे होता. दोघं एकमेकांना पाण्यात बघतात. म्हणजे शिष्य बघतो. सर हल्ली कुणाकडेच बघत नाहीत. प्रसिद्धी डोक्यात गेली की असंच होतं. तोंड आपल्याकडे आणि नजर आपल्या कानाच्या पलीकडे. पूर्वी गल्लीतल्या मांजरालाही थांबून विचारायचे हो, जेवलीस का."

"काल शेवटी कोण राहिलं होतं?"

"फ्रेमवाले लवकर गेले." माझा जीव भांड्यात पडला. "सर माझ्या खोलीत चहा पीत होते. इथे शिष्य दिवे नीट लावत होता आणि सूनबाई नावांच्या पट्ट्या चिकटवत होती."

"खेळाचं तेव्हाच सांगितलंत?"

"त्याच्या थोडं आधी. का?"

आत्यानं भिंग मला परत दिलं. "आजचा दिवस पोलिसांना बोलावू नका," ती म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची."

"संध्याकाळपर्यंत थांबते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर मात्र मी त्या शिष्याचं नाव घेणार."

३

शिष्याचा स्टुडिओ बाजारपेठेत, चपलांच्या दुकानावर. भिंतीवर नवरानवरी, बारशाची बाळं आणि एका कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक फूल. आम्हाला बघताच तो म्हणाला, "मला माहीत होतं तुम्ही आधी इथेच येणार."

"भांडण कशावरून?" आत्यानं विचारलं.

"भांडण नाहीच. भांडायला समोरच्यानं ओळख तरी द्यावी लागते." तो ट्रायपॉडचा पाय उगाच आतबाहेर करत होता. "बारा वर्षं त्यांच्या मागे चिखलात लोळलो मी. काल समोर जाऊन उभा राहिलो, वाकून नमस्कार केला. नुसते उभे. जणू मी खांब. शेवटी म्हणालो, सर, मी आलोय. तर म्हणतात, अरे, तू होय! सांगा, राग येईल की नाही?"

"आला?"

"आला ना. खूप आला. पण म्हणून चित्र कापेन? आणि कापून उपयोग काय? फोटो संगणकात आहे. चार दिवसांत नवा छापून येईल. कुणाचं वाटोळं करायला एवढा मूर्खपणा कोण करेल?"

हे मला पटलं. पण टेबलावर कागद कापायचं पातं पडलेलं होतं, आणि आत्याचं लक्ष तिकडे होतं. तिनं पर्समधून तो कागदाचा गोल काढून पात्याशेजारी ठेवला. "याच्याएवढं गोल तुमच्याकडे काय आहे?"

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडला. पण तो कागद उचलून निरखत होता.

"हे लेन्सच्या झाकणाएवढं आहे," तो म्हणाला. कपाट उघडून त्यानं आपली सगळी झाकणं टेबलावर मांडली. एक गोलापेक्षा लहान, बाकीची सगळी मोठी. एकही बसेना. "माझं नाही. आणि..." तो थांबला.

"बोला."

"नको. उगाच कुणाचं नाव घेतल्यासारखं होईल."

"तुमचं नाव संध्याकाळी घेतलं जाणार आहे."

त्यानं कागद खाली ठेवला. "फुलांची जुनी लेन्स. फार जवळून काढायची. बारा वर्षं तिचं झाकण मीच सांभाळलं, खिशात घालून. गावात तसलं एकच आहे. सरांचं."

४

सरांच्या घरी दार सुनेनं उघडलं. रात्रभर झोप नसावी असे डोळे. सर खिडकीपाशी आरामखुर्चीत होते, टोपी मांडीवर.

बैठकीत सगळं जागच्या जागी होतं. स्टूल भिंतीला टेकवलेलं, काठी कोपऱ्यात, टेबलावर कॅमेरा. सर उठले, किटली उचलली, कपाच्या काठावर बोट ठेवून चहा ओतला आणि बोटाला चटका बसताच थांबले. पाहुणचार उत्तम होता. कप मात्र त्यांनी माझ्याऐवजी माझ्या शेजारच्या उशीला दिला. मी तो घेतला. मोठी माणसं, मनात आलं, कप तरी बघून द्यावा.

रिकामं बसवेना म्हणून मी टेबलावरचा कॅमेरा उचलला. पट्ट्याची कडी वाजली.

"कोपर अंगाला लाव," सर खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "कॅमेरा उचलला ना कुणीतरी? कोपर बाहेर राहिलं की फोटो हलतो. सगळ्यांचं तेच चुकतं."

आत्या सुनेकडे वळली. "आता पुढे काय?"

"नवीन छापून घेतेय," सून घाईघाईनं म्हणाली. "बाबांची सगळी कामं मीच बघते, संगणकावरची. संध्याकाळी पडद्यासाठी लागणारे सातही फोटो सकाळीच डॉक्टरबाईंना पाठवले. भिंतीवरचं चित्र आठवड्यात लागेल. खरंच, एवढा तपास करण्यासारखं काही नाही हो."

"लेन्सचं झाकण कुठे असतं?"

सून जागची हलली नाही. सर म्हणाले, "बॅगेत. दाखव की."

आत्यानं झाकण कागदावर ठेवलं. कागद पूर्ण झाकला गेला. ना कड बाहेर, ना कड आत.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बसलं ना?" सरांनी विचारलं.

"बसलं."

"मग सोपं आहे. झाकण माझं, चित्र माझं. मीच कापलं. थेंब मनासारखा आला नव्हता." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "माणसानं स्वतःचं चित्र कापलं तर गुन्हा होतो का हो बाई?"

सुनेनं झाकण उचलून घाईघाईनं बॅगेत टाकलं.

५

"संपलं," दुकानात परतल्यावर मी म्हणालो. "मोठ्या माणसांचा लहरीपणा. डॉक्टरबाईंना सांगून टाकू."

"तुला चौकटीबाहेरचं कधी दिसणार रे?" आत्या म्हणाली. "सकाळी भोकासमोर उभं राहून सर काय म्हणाले?"

"छान लागलंय."

"ज्यानं स्वतः कापलं तो असं म्हणेल?"

"धक्का..."

"कसला धक्का? त्यांना भोक दिसलंच नव्हतं. समोरचा शिष्य दिसला नाही. तू दिसला नाहीस. चहा बोटानं मोजला. आणि तरी घरात कुठे धडपडले नाहीत, चित्राची चौकट, उजेड, सगळं सांगितलं. त्यांना कडेचं दिसतं. मधलं दिसत नाही. म्हणून तुझ्याशी बोलताना तुझ्या कानापलीकडे बघतात, म्हणजे तू कडेला येतोस. माज नाही तो. माझ्या एका साहेबांचं असंच झालं होतं."

मला स्वतःची लाज वाटली. उशीला दिलेला कप डोळ्यांसमोर आला.

"मग त्यांनी कबुली का दिली?"

"कुणाला तरी वाचवायला. आता शिष्य काय म्हणाला ते आठव. चित्र कापून उपयोग नाही, नवं छापून येतं. बरोबर. म्हणजे ज्यानं कापलं त्याला नवं छापून येणं हवंच होतं. पडद्यावरचे फोटो घरी बसून बदलता येतात. भिंतीवर लागलेला कागद नाही. आता सांग, नवं छापणं कुणाच्या हातात आहे?"

उत्तर मला कळलं होतं, पण कारण कळत नव्हतं. ते माझ्याच दुकानात होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. चौकटीचा रंग ठरवायला छापखान्यानं मला त्या फुलाचा वहीच्या पानाएवढा नमुना दिला होता. तो काचेच्या तुकड्यांखाली पडला होता. मी भिंग लावलं.

थेंबात टोपी होती. सरांचीच, रुंद. पण ती एका बाजूला, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर. त्या माणसाचे हात गुडघ्यांवर, रिकामे. कॅमेरा धरला होता शेजारी गुडघ्यांवर बसलेल्या एका बाईनं. एक कोपर बाहेर आलेलं.

"मला वाटलंच तुमच्याकडे नमुना असेल," दारातून आवाज आला. सून उभी होती.

आत्यानं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली आणि कुणी विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"डोळ्यांचं कळल्यावर बाबा चार महिने खोलीतून बाहेर आले नाहीत. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. मग वसंत आला आणि मीच हट्ट धरून त्यांना बागेत नेलं. म्हटलं, हल्लीचा कॅमेरा सगळं आपोआप करतो. त्यांनी बटण दाबलं, घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. फोटो नुसते धुरकट होते. काय सांगणार? रोज त्यांचं झालं की मी म्हणायची, बसा, मी लेन्स पुसते. आणि तेच फूल पुन्हा काढायची. ते शिकवायचे ते ऐकून ऐकून येत गेलं. थेंबसुद्धा ठेवला, त्यांच्यासारखाच. छापायला देताना थेंबात बघितलं होतं मी. टोपी दिसली आणि निर्धास्त झाले. काल एवढं मोठं लागलेलं बघितलं, तेव्हा कळलं की टोपी इकडे आणि कॅमेरा तिकडे. आणि त्याच वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या सगळ्यांनी थेंबात सर शोधायचे."

"शिष्य दिवे लावत असताना कापलंत?"

"तो शिडी ठेवायला गेला तेव्हा." तिनं पर्समधून कागदाचा गोल तुकडा काढून टेबलावर ठेवला. थेंब होता. "फेकवला नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण बाबांना वाटतंय तो फोटो त्यांचा आहे. ते त्याच्यावर जेवतायत. तेवढं त्यांच्याकडून काढून घेऊ नका."

आत्यानं तो तुकडा उचलून तिच्या पर्समध्ये परत ठेवला. खात्यात असती तर ठेवला नसता.

"शिष्यावर आळ येऊ देणार नाही," ती म्हणाली. "बाकी मला काही दिसलं नाही."

६

संध्याकाळी कॉरिडॉर भरला. भोक पडलेल्या चित्रावर पांढरा कपडा टाकला होता. आत्यानं डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी शिष्याला पुढच्या रांगेत बसवलं आणि त्याच्याकडे रागानं बघण्यापलीकडे काही केलं नाही.

पडद्यावर एकेक फूल येत गेलं. जर्दाळू, बदाम, रानटी नासपती. लोक ओरडायचे, ती बघा टोपी! टाळ्या पडायच्या. मग सातवं आलं. सफरचंद. थेंब स्वच्छ होता, नुसता आभाळाचा पांढरा ठिपका. लोक शोधत राहिले. पुढे सरकून बघितलं. मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "यात सर नाहीतच." मग तीच कुजबुज रांगेरांगेतून पसरली. सून भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे बघवत नव्हतं.

सर उठले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सूनबाई, हा नको. खरा लाव."

"बाबा, हाच..."

"खरा लाव. थेंब न पुसलेला." ते लोकांकडे वळले, म्हणजे लोकांच्या थोडं बाजूला. "मला समोरचं दिसत नाही. कडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ओळख दिली नसेल. तो माझा शिष्य कुठे असेल, त्यानं राग सोडावा."

शिष्यानं मान खाली घातली.

"गेल्या वसंतात एका सकाळी मी याच फुलाचे फोटो काढले. कॅमेऱ्याला डोळा लावून बघितलं काय, न बघितलं काय, मला सारखंच. मनासारखं बटण दाबलं आणि कॅमेरा सूनबाईच्या हातात देताना बोटाला झाकण लागलं. लेन्सवर झाकण तसंच होतं. मी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही, लेन्स पुसते म्हणाली. संध्याकाळी येऊन सांगते, बाबा, आजचा फोटो काय सुंदर आलाय." ते हसले. "झाकण लावून इतका सुंदर फोटो मी उमेदीच्या काळातही काढला नव्हता."

शिष्यानं मान वर केली.

"तुम्हाला माहीत होतं?" सून भिंतीपासून पुढे आली. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू कॅमेरा खाली ठेवला असतास. मला जेवणापुरतं खोटं पुरेल, असं तुला वाटलं. मला तर तुझं पुढचं फूल हवं होतं. आज तुझ्यावर यायला लागलं म्हणून बोलतोय. लाव तो फोटो."

तिनं लावला. थेंब पडदाभर मोठा झाला. स्टुलावर टोपीवाला म्हातारा, हात रिकामे. शेजारी गुडघ्यांवर बसलेली बाई, कॅमेऱ्यामागे चेहरा झाकलेला. डॉक्टरबाई डोळे पुसत होत्या आणि मीही, चौकटवाला असून, आत काय आहे तेच बघत होतो.

सरांनी पडद्याकडून तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, त्यांना सहन झालं नाही. मला आणि आत्याला कळलं की ते आता बघतायत. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"कोपर बाहेर आलंय," ते म्हणाले.

आणि सूनबाईनं, हातात कॅमेरा नसताना, कोपर अंगाला लावलं.